बाई, तुझं ताट कुणी मांडलं?

बाई, पाळकसाहेब मध्येच थांबले.

तुला खाली उतरवल्यावर, पहिली मूठ माती पडल्यावर जे म्हणायचं असतं ना, की आमची ही बहीण पुन्हा उठेल या खात्रीच्या आशेनं आम्ही तिला मातीच्या स्वाधीन करतो, ते म्हणताना. ‘बहीण’पर्यंत आले, ‘खात्रीच्या’ म्हणाले आणि थांबले. फार वेळ नाही. कुणी डोक्यावरचा पदर सारखा करील तेवढाच. मग पुढचं म्हणाले, आमेन झालं, लोकांनी माती लोटली. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसेल. पण मी तुझी धाकटी बहीण आहे आणि मला नको ते नेमकं ऐकू येतं, हे तूच सगळ्यांना सांगत असायचीस.

तेव्हापासून मला चैन नाही. शाळेत फळ्यावर गणित मांडते आणि अर्ध्यात खडू तसाच हातात राहतो. मुली मागून कुजबुजतात. घरी फोडणी करपते. प्रार्थनेला बसले की प्रार्थना होत नाही, देवाशी हुज्जत होते. शेवटी एका रविवारी एस.टी.नं तिकडं तुझ्या बोर्डिंगच्या देवळात गेले आणि उपासना सुटल्यावर मी पाळकसाहेबांना चिंचेखाली गाठलं आणि विचारलंच, "माह्या बहिणीच्या मातीले तुम्ही ‘खात्रीच्या’ म्हणून काऊन थांबले?" बिचारा तरुण माणूस. गडबडला. म्हणाला, "ताई, घसा बसला होता. थंडी होती ना." थंडी होती हे खरं. नाताळ तोंडावर आला होता, माती खणणाऱ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. घसा बसलाही असेल. पण ज्या माणसानं तुला प्रभुभोजन न देता भाकरी-द्राक्षरसाची पेटी मिटून नेली, त्याचा घसा नेमका त्याच शब्दावर बसावा, हे मी कसं मानू?

म्हणून तुला लिहिते आहे. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट पटत नाही, आणि तू तर भांडण अर्धवट टाकून निघून गेलीस.

ते भांडण तरी किती जुनं! बाबा प्रचारक. सायकलच्या कॅरिअरला बाजाची पेटी बांधून सुवार्ता सांगत गावोगाव जायचे. त्यांच्या पोटी आपण दोघी आलो आणि दोन टोकांना जाऊन बसलो. तुझं म्हणणं, त्यानं एकदा आपल्याला आपलं म्हटलं की म्हटलं. ते तारण कुणी काढून घेऊ शकत नाही, आपण स्वतः ठरवलं तरी नाही. माझं म्हणणं, असं कसं? माणूस चालता चालता वाट सोडतो, हे काय डोळ्यांना दिसत नाही? शेवटपर्यंत धरून राहील तो तरला. सोडलं त्याचं गेलं. तुझ्याकडं शास्त्रातली वचनं होती, माझ्याकडंही होती, आणि एकीची दुसरीला तोंडपाठ होती. त्यामुळं कुणी हरायचा प्रश्नच नव्हता. तांदूळ निवडताना भांडलो, बसस्टँडवर भांडलो, बाबांच्या मातीला जाताना बसमध्ये भांडलो. कंडक्टरनं आपल्याला जमिनीच्या वाटणीवरून भांडणाऱ्या बहिणी समजून समजूत घातली होती.

आणि वडशाची सभा! दर हिवाळ्यात आपण दोघी जायचो. शेजारच्या मैदानात नाटकाचा मांडव. इकडं नागपूरहून आलेले उपदेशक घाम पुसत पुसत नरकाचं वर्णन करणार आणि तिकडून ढोलकी अन् शिट्ट्या. मांडववाला दोघांचा एकच, म्हणून आपल्या कनातीवर कधी कधी नाटकातल्या खलनायकाचं चित्र तसंच चिकटलेलं असायचं. सभा संपत आली की उपदेशक सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचे. ज्यांना आज आपलं जीवन प्रभूला द्यायचं आहे त्यांनी हात वर करा, म्हणायचे. मी करायचे. दर वर्षी. वर्षभरात मी कुणाला काय बोलले, कुणाच्या सुखावर किती जळले, ते मला पुरतं माहीत असायचं. मागच्या वर्षीचं तारण एवढ्यात टिकलं असेल यावर माझा विश्वासच बसायचा नाही. मग पुढं जायचं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना व्हायची, तारणाची वचनं छापलेली एक पत्रिका मिळायची. पत्रिका वाटणाऱ्या बाई मला ओळखू लागल्या होत्या. एकदा हळूच म्हणाल्या, "ताई, ही तुमच्याकडे असेलच ना?"

तू माझ्या शेजारी डोळे मिटून बसलेली असायचीस, हात मांडीवर. लहानपणी बाबांसमोर एकदा वर केला होतास तेवढाच. सभेतून बाहेर पडल्यावर गाड्यावर गरम शेंगदाणे घेता घेता तू ठरल्याप्रमाणे विचारायचीस, "काऊन वं विमल, यंदा तरी पक्कं झालं का? का पुढच्या साली अजून?"

"तुले गर्व हाय बाई. हात वर कराची लाज वाटते तुले."

"लाज नाई वं. त्यानं धरलं ना एकदा. घडी घडी काय विचारू त्याले, धरलं का, धरलं का? त्याले बी कटकट."

आणि शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढं करून हसायचीस. त्या हसण्याचा मला इतका राग यायचा की मी शेंगदाणे घ्यायचे नाही. मग थोड्या वेळानं घ्यायचे.

तुझं ते सगळं तत्त्वज्ञान पुस्तकातून आलेलं नव्हतं, बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातून आलेलं होतं, असं मला आता वाटतं. गडचिरोलीच्या पलीकडं मुलींचं आपल्या मंडळीचं बोर्डिंग आणि तू तिथली मेट्रन. जंगलातल्या गावांतून मुली यायच्या. नवीन मुलगी आली की तू तिला आंघोळ घालायचीस, डोक्याला तेल लावायचीस आणि पहिल्या बाजाराला तिला घेऊन गडचिरोलीला जायचीस. तिच्यासाठी स्टीलचं ताट घ्यायचं आणि त्यावर नाव घालून आणायचं. भांड्यांवर नावं कोरणारे ते चाचा तुला लांबून पाहूनच हातोडी शोधायला लागायचे. मी एकदा सोबत होते तेव्हा त्यांनी तुला समजावलं होतं, "मेट्रनबाई, ये बच्चियां तो भाग जाती हैं. एक बार नाम डाल दिया तो मिटता नहीं, ताट बेकार. रंगानं लिहून देऊ का?"

तू म्हणालीस, "चाचा, रंगानं लिहाचं असतं तं घरीच नसतं का लिहिलं? मिटत नाई म्हणून तं तुमच्याकडे आली."

मुली पळायच्या हे मात्र खरं. थंडी सरून मोह पडायला लागला की पळायच्याच. घरी मोहफुलं वेचायला सगळे हात लागतात, आणि एकदा का तो गोड वास वाऱ्यावर आला की त्या पोरींना वर्गात बसवायचं म्हणजे वासरांना बसवण्यासारखं. सकाळी उठून पाहावं तर अंथरुणं रिकामी. बाकीच्या ठिकाणी काही दिवस वाट पाहून नाव कमी करत. तुझी रीतच न्यारी. पंगतीला तू पळालेल्या मुलींची ताटंही त्यांच्या त्यांच्या जागी मांडायचीस, पालथी. धूळ बसू नये म्हणून पालथी, म्हणायचीस. उलट्या ताटांच्या मधोमध बसून दोन-चार मुली जेवताहेत असंही मी पाहिलं आहे. मोह संपला की काळ्याठिक्कर पडलेल्या, हातांना फुलांचा वास असलेल्या पोरी एकेक करत परत यायच्या. दारात उभ्या राहायच्या, मार बसेल म्हणून. तू आत घ्यायचीस. ताट सुलटं करायचीस आणि वाढायचीस.

त्यावरून मी तुला एकदा अगदी कोंडीत पकडलं होतं. दिवाळीच्या सुटीत मी तुझ्याकडं आले होते, घर लांब असलेल्या मुली बोर्डिंगातच होत्या. जैनीच्या ताटावरून सुरू झालं. ही जैनी आतल्या एका गावातली, गळा असा की भजनाला ती नसली तर पेटी वाजवायचा कंटाळा यावा. स्वतः होऊन बाप्तिस्मा मागितला होता तिनं. मग एका वर्षी मोहाला पळाली ती आलीच नाही. तिचं लग्न झालं, तिच्या लोकांच्या रीतीनं झालं, ती आता त्यांच्या देवाच्या पूजेला सगळ्यांसोबत असते, असं कळलं. आणि दोन पावसाळे उलटल्यावरही तिचं ताट तुझ्या पंगतीत पालथं पडलेलं.

"हे तं काढ आता," मी म्हटलं. "ते पोरगी गेली, बाई. तिनं सोडलं."

"तिनं सोडलं असन."

"मंग? कोणी काई बी करावं आणि ताट तयारच? असं असन तं पळाले भीती कोणाची?"

तू वरण ढवळत होतीस. मागं वळून पाहिलंसुद्धा नाहीस. "ताट तयार हाय म्हणून कोणी पळत नाई वं. मोहासाठी पळते. ताट तयार हाय म्हणून वापस येते."

हार मानणारी मी कुठली. पुन्हा विचारलं, "आणि जे वापस येतच नाई, तिचं काय?"

ढवळणं थांबलं, बाई. मला अजून दिसतं. तू पळी भांड्याच्या काठावर ठेवलीस, हात पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "ते मले नको विचारू. मी स्वयंपाकघरातली बाई हाय." आणि पंगत मांडायला निघून गेलीस. जैनीचं ताट धरून.

उत्तर मिळालं नाही म्हणून मी तेव्हा खूश झाले होते. आज तेच उत्तर मी दारोदार शोधत फिरते आहे.

कारण मग तूच विसरायला लागलीस. आधी वरणातलं मीठ, मग गेटचं कुलूप, मग मुलींची नावं. ताटावरची नावं बोटानं चाचपून वाचताना तुला मी पाहिलं, त्या दिवशी मी शाळेत रजेचा अर्ज टाकून तुला माझ्या घरी सिंदेवाहीला घेऊन आले. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदू सुकत चालला आहे, औषधानं फार फरक पडणार नाही. माझ्याकडं आल्यावर एकेक गळत गेलं. भजनाचे शब्द गेले, चाल राहिली. मग चालही गेली. जेवणाआधीची प्रार्थना मी म्हणत असायचे आणि तू खायला लागलेली असायचीस. मी डोळे उघडायचे, तुझ्याकडं पाहायचे, आणि पुन्हा मिटून घ्यायचे. तुला काय आठवतं आणि काय नाही, हे विचारायची मला हिंमतच होत नव्हती.

गेल्या मोहात तू घरातून नाहीशी झालीस. मी शाळेतून आले तर दार सताड उघडं. आधी बसस्टँड, मग बाजार, मग रेल्वेच्या रुळांकडं धावले. त्या एका दुपारी मी देवाला जे जे बोलले ते मी कुणापुढं उच्चारणार नाही. तू सापडलीस गावाबाहेर, धान संशोधन केंद्राच्या पुढं, रानाच्या कडेला. मोहाखाली बसलेली, ओळखपाळख नसलेल्या दोन बायांच्या सोबतीनं फुलं वेचत होतीस. पदराची ओटी भरलेली, पाय अनवाणी.

"बाई, इथी काय करून राह्यली?" मी ओरडलेच.

"आई वाट पाहून राह्यली ना घरी," तू म्हणालीस. "थोडे राह्यले, येतोच."

आयुष्यभर पळालेल्या पोरींची वाट पाहणारी तू, अखेर पोरींसारखीच मोहाला पळालीस. मी तुला हाताला धरून घरी आणलं. पाय धुतले. वाढलं. मी रागावत होते, रडत होते, पुन्हा रागावत होते आणि तू शांतपणे जेवत होतीस. मधेच फुलांनी भरलेली ओटी पाहायचीस आणि खूश व्हायचीस.

आणि मग ती पाळकसाहेबांची भेट. पाऊस संपता संपता तू अंथरूण धरलंस. मी निरोप धाडला आणि ते एस.टी.नं एवढ्या लांब आले, भोजनाची छोटी पेटी घेऊन. माणूस वाईट नाही, हे मी रागातही म्हणते. पण आपल्या मंडळीची रीत तुला माहीत आहे. प्रभुभोजन देण्याआधी विचारायचं आणि घेणाऱ्यानं आपल्या तोंडानं साक्ष द्यायची. बाबांच्या वेळी नवीन विश्वासणाऱ्यांसाठी ती सुरू झाली असेल. नंतर ती सगळ्यांना लागू झाली, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की खाटेवरच्या विसरलेल्या म्हातारीला ती लावायची की नाही. माझ्याही आलं नाही. उलट मी तुझे केस विंचरून, पांढरं लुगडं नेसवून तुला परीक्षेला बसवावं तसं बसवलं होतं.

त्यांनी विचारलं, "बाई, प्रभू येशू तुमचे कोण आहेत?"

तू त्यांच्याकडं पाहिलंस. मग माझ्याकडं. "कोण येशू?"

"प्रभू येशू, बाई."

"कुठचा हाय?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी चादरीची घडी घालत राहिले. तुला वाटलं असेल की कुणा मुलीचा बाप लांबून चालत आला आहे आणि आम्ही त्याला दारातच उभं केलं आहे. तू मला ओरडलीस, तुझ्या जुन्या मेट्रनच्या आवाजात, कितीतरी दिवसांनी. "जेवला का तो? आला असन तं बसव ना वं त्याले. उपाशी नको धाडू."

मला हसू फुटलं आणि त्याच्यातच रडू. पाळकसाहेबांनी पेटी उघडली होती ती मिटली. त्यांचेही डोळे भरले होते. म्हणाले, "ताई, पुढच्या खेपेला पाहू. मेज प्रभूचं आहे, माझं नाही." पुढच्या खेपेला ते आले ते तुला मातीला न्यायला. तुला परत तिकडंच, बाबांच्या शेजारी नेलं.

मंडळीत काही लपून राहतं का? मातीला निघताना माझ्या पाठीमागं दोघी बोलत होत्या. मेट्रनबाईनं शेवटी प्रभूले ओळखलं नाई, म्हणत होत्या. नाकारलंच म्हणा ना. भोजन बी नाई मिळालं. मी वळून त्यांना चांगलं फैलावर घेणार होते. पण कुठल्या तोंडानं? त्यांचं एकेक वाक्य माझं होतं, बाई. शेवटपर्यंत धरून राहील तो तरला, हे मीच तर तुला तांदूळ निवडताना, बसमध्ये, बाबांच्या मातीला ऐकवत आले होते. माझं खरं असेल तर तू गेलीस. तुझं खरं असेल तर तू आहेस. सगळा जन्म तुला हरवण्यात घालवला, आणि आता देवाजवळ माझं एकच मागणं आहे की मी हरावं, पार तोंडघशी पडावं.

मातीहून आलेल्या लोकांना बोर्डिंगच्या ओसरीवर भात-वरण होतं. लोक फार आले. इतक्या मुली, त्यांची लेकरं, कुठून कुठून. ताटं कमी पडली म्हणून मी तुझ्या फळीवरची जुनी काढायला आत गेले. एकेक नाव. काहींचे चेहरे आठवले, काहींचे नाही. आणि मला वाटलं, तुझंही असेल यात. सगळी फळी उपसली. नव्हतं. चेपलेल्या जर्मलच्या ताटलीत जेवायचीस तू, तीही कुठं दिसली नाही. साऱ्या जगाची नावं घातलीस आणि स्वतःचं घालायचं तुला सुचलं नाही? का तुला गरजच वाटली नाही, जशी हात परत वर करायची वाटली नाही? तिथंच चुलीजवळ बसून मी तुझ्यावर चिडले. मेलेल्या माणसावर चिडता येत नाही म्हणतात. येतं.

"बाई, पाणी कुठी हाय?" मागून आवाज आला. आवाजावरूनच ओळखलं. जैनी. कडेवर लेकरू, कपाळावर घाम. पहाटेपासून चालत आली होती. मी तिचं ताट काढून तिच्या हातात दिलं. तिनं नावावरून बोट फिरवलं.

"हे अजून हाय?"

"हाय."

"मी तं तुमच्या देवळात येत नाई आता, बाई. आमच्या घरचं आमचं चालते."

"मले माहीत हाय."

"तरी ठेवलं तुम्ही?"

"मी नाई ठेवलं. मी तं काढ म्हणत होती. तिनं ठेवलं."

ती ओसरीवर जाऊन जेवली, लेकराला त्याच ताटात भरवलं. मंडळीतल्या एक-दोघांनी माझ्याकडं कसंतरी पाहिलं, मी त्यांच्याकडं त्याहून वाईट पाहिलं. जेवण झाल्यावर तिनं ताट राखेनं लख्ख घासून आणलं. मी म्हटलं, "घेऊन जा. तुह्यंच हाय."

"नाई. इथीच राहू द्या. घरी नेलं तं संपलं ना. इथी हाय तं माह्यं बी इथी काही हाय." आणि तिनं ते स्वतःच्या हातानं फळीवर पालथं घातलं, लेकराला कडेवर घेतलं आणि निघाली. गेटपाशी थांबून तुझ्या मातीच्या दिशेला थोडा वेळ पाहत राहिली.

आता तिचं मी काय समजू? आत की बाहेर? तूही सांगितलं नाहीस. तिनंही सांगितलं नाही. तुझे आभार मानायचे तर कसे मानू, तू माझ्या सगळ्या सरळ रेघा अशा पुसून ठेवल्या आहेस. पण मानते. बाबा जंगलात फिरायचे आणि आई तापानं पडलेली, तेव्हा मला वाढवलंस. माझ्या जिभेला घाबरून सगळे दूर झाले, तू झाली नाहीस. मी दर वर्षी परत परत तारण मागत राहिले आणि तू दर वर्षी शेंगदाण्याची पुडी पुढं करत राहिलीस. तुझं खूप आवडायचं हे मला, बाई. एकदाही म्हटलं नाही.

यंदा वडशाला एकटी गेले. तोच मांडव, शेजारी तीच ढोलकी. उपदेशक नवे होते, तरुण, आवाज मोठा. शेवटी डोळे मिटायला सांगितले आणि हात वर करायला. माझा हात सवयीनं निघालाच. खांद्यापर्यंत आला. आणि तेवढ्यात डोक्यात आलं की मी हात वर केला म्हणजे मागच्या वर्षीचं माझं संपलं, असंच मी म्हणते आहे. माझं वर्षभरात संपत असेल, तर तुझं? तू तर किती वर्षांपूर्वी एकदाच केला होतास. आणि शेवटी, कोण येशू, म्हणालीस.

मी हात खाली ओढला. मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसले, ओरडा खाल्लेल्या पोरीसारखी. उपदेशक म्हणाले, "अजून कुणीतरी आहे. मला जाणवतंय. एक बहीण आहे, ती अडखळते आहे." पेटीवाला तेच सूर धरून थांबला. सगळा मांडव माझ्यासाठीच थांबला आहे असं मला वाटलं. मी हात मांडीखाली आणखी दाबून धरला. पत्रिकावाल्या बाई तर माझ्यापाशी येऊनच उभ्या राहिल्या. वाकून म्हणाल्या, "ताई, यंदा नाही?"

"झालं हाय," मी म्हटलं.

खात्री नव्हती, बाई. तुझ्या गळ्याची शपथ, अजूनही नाही. पण तो हात वर केला असता तर मी तुला माझ्या हातानं बाहेर काढलं असतं. ते माझ्यानं झालं नाही.

बाहेर येऊन शेंगदाणे घेतले. विचारायला कुणी नव्हतं, पक्कं झालं का म्हणून. पुडी तशीच घरी आणली आहे. आता ऐक. तू तिथं आहेस, असं मी धरून चालले आहे. तुझं ताट तिथं त्यानंच मांडलं असेल, तू कधी मागितलं नसशील तरी. मला यायला अजून वेळ आहे, आणि येताना माझी काय दशा असेल, त्याचं नाव तरी मला आठवत असेल का, मला माहीत नाही. पंगतीत माझी जागा धर. ताट मांडून ठेवजो. पालथं.